नव्याच्या शेजारी जुने : चित्रपटसमीक्षेतील एक विचार

'चित्रपटसमीक्षा' हा शब्द मराठीत आता पुरेसा रुळला असला, तरी त्याच्या पोटात दोन निराळे व्यवहार नांदत असतात आणि त्यांचा परस्परांशी फारसा परिचय नसतो. पहिला व्यवहार दैनिकांचा आणि साप्ताहिकांचा. शुक्रवारी चित्रपट लागावा, रविवारपर्यंत त्याचे परीक्षण यावे आणि पुढल्या शुक्रवारी दोहोंचाही विसर पडावा, असा त्याचा क्रम. दुसरा व्यवहार ग्रंथांचा, दिवाळी अंकांचा आणि स्मरणिकांचा. तेथे दादासाहेब फाळके, बाबूराव पेंटर, 'प्रभात'ची मंडळी यांचे सादर स्मरण होते; पण त्या स्मरणाला चालू चित्रपटाचे वारे सहसा लागू दिले जात नाही. नव्याचे परीक्षण आणि जुन्याचे पूजन अशी ही वाटणी आहे. परीक्षणाला भूतकाळ नसतो, पूजनाला वर्तमानकाळ नसतो. आणि समीक्षेला तर या दोहोंचीही गरज असते.

ही वाटणी मोडणारी एक तिसरी रीत आपल्याकडे फिल्म सोसायट्यांच्या चळवळीने आणली. नवा चित्रपट आणि अभिजात चित्रपट पाठोपाठ दाखवायचे आणि समीक्षकांनी, अभ्यासकांनी व जाणत्या प्रेक्षकांनी त्यांची चर्चा एकाच बैठकीत करायची, अशी ती रीत. वरवर पाहता ती एक सोयीची कार्यक्रमपद्धती वाटते. वस्तुतः तिच्यात एक समीक्षाविषयक भूमिका दडलेली आहे, आणि ती भूमिका वाङ्मयाच्या अभ्यासकांनी तपासून पाहावी अशी आहे.

त्यांना ती अगदीच अपरिचित वाटणार नाही. टी. एस. एलियट याने १९१९ मध्ये परंपरेविषयी जो विचार मांडला, त्याचा गाभा असा की, खरोखर नवी कलाकृती अवतरली म्हणजे ती आधीच्या कलाकृतींच्या रांगेत शेवटी जाऊन उभी राहत नाही; तिच्या येण्याने सगळ्या रांगेचीच रचना किंचित बदलते. मराठी वाचकाने याचा प्रत्यय घेतलेला आहे. मर्ढेकरांची कविता वाचून झाल्यावर पुन्हा तुकारामाकडे वळले, तर त्याच्या शब्दांतील रोकडेपणा पूर्वीपेक्षा निराळ्या रीतीने बोचतो. तुकाराम बदललेला नसतो. त्याच्याकडे जाण्याची वाट बदललेली असते.

परंतु एलियटच्या या विचारामागे एक गृहीतकृत्य आहे आणि ते इतके साधे आहे की त्याने ते बोलूनही दाखवले नाही. जुनी कलाकृती फडताळात आहे, हात लांबवला की ती मिळते, हे ते गृहीतकृत्य. वाङ्मयाच्या बाबतीत ते बहुतांशी खरे आहे. चित्रपटाच्या बाबतीत ते दीर्घकाळ खोटे होते. चित्रपट लागला, उतरला आणि त्याच्या फिती कोठल्यातरी गोदामात गेल्या, की तो प्रेक्षकांच्या आठवणीत उरेल तेवढाच उरे. त्या आठवणीवर कोणी लिहिले, तर त्या लेखनाचा पडताळा पाहण्याची सोय नव्हती. जुन्या चित्रपटांविषयीच्या आपल्या लेखनात विशेषणांची जी रेलचेल आढळते, तिचे एक कारण हेच असावे. दृश्य समोर नसले म्हणजे विशेषणाला कोण अडवणार?

हानी किती झाली याची कल्पना यावी म्हणून दोनच गोष्टी पुरेत. भारतात सुमारे तेराशे मूकपट निर्माण झाले; त्यांतील पूर्ण वा तुकड्यांच्या रूपाने उरलेले जेमतेम तीसच्या घरात आहेत. बाबूराव पेंटरांचा १९२५ चा मूकपट 'सावकारी पाश' हा भारतीय वास्तववादी चित्रपटाचा आरंभ होय, असे विधान आपल्याकडे अनेक ग्रंथांत येते. सावकाराच्या कचाट्यात जमीन घालवून शहराच्या गिरणीत जाणाऱ्या शेतकऱ्याची ती कथा, ना. ह. आपट्यांनी लिहिलेली, शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. विधान कदाचित यथार्थही असेल. पण तो मूकपट आज उपलब्ध नाही, आणि म्हणून ते विधान मान्य करणे किंवा नाकारणे या दोन्ही गोष्टी केवळ श्रद्धेच्या प्रांतात जातात. फाळक्यांच्या 'राजा हरिश्चंद्र'ची कथा याहूनही चमत्कारिक आहे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये तो लोकांसमोर आला. १९१७ मध्ये फाळक्यांनी तीच कथा पुन्हा चित्रित केली. आज ज्या फिती 'राजा हरिश्चंद्र' म्हणून दाखवल्या जातात, त्या १९१३ च्या की १९१७ च्या, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत. आद्य ग्रंथाची संहिताच निश्चित नसावी, अशी ही अवस्था. पाठचिकित्सेची परंपरा असलेल्या भाषेला तिचे गांभीर्य सांगावे लागू नये.

ही अवस्था पालटू लागली ती स्वातंत्र्यानंतर, आणि तीही हळूहळू. १९४७ मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त आणि त्यांचे सहकारी यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली. १९५९ मध्ये अशा सोसायट्यांचा अखिल भारतीय महासंघ झाला. पुण्यात 'प्रभात'च्या जुन्या आवारात १९६० मध्ये चित्रपटशिक्षणाची संस्था उभी राहिली आणि १९६४ मध्ये त्याच शहरात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघाले. त्या संग्रहालयाला पी. के. नायर यांच्यासारखा झपाटलेला संग्राहक लाभला. सतीश बहादूर यांनी चित्रपट-रसास्वादाच्या अध्यापनाला शिस्त दिली. चित्रपटाचे एकेक दृश्य थांबवून, मागे नेऊन, पुन्हा पाहून त्याविषयी बोलायचे असते, हा धडा पुण्यात शिकून गेलेल्या कित्येक पिढ्यांनी गावोगाव नेला. मुंबईत १९६८ मध्ये सुधीर नांदगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रभात चित्र मंडळ स्थापन केले. त्याच्या चर्चांना पुढे 'रूपवाणी' या नियतकालिकाची जोड मिळाली. मराठी समीक्षेला हे सर्व फळले. अरुण खोपकर यांचे गुरुदत्तवरील पुस्तक (१९८५) घ्या. त्यात चौकट, प्रकाश, कॅमेऱ्याची हालचाल यांचे जे सूक्ष्म वाचन आहे, ते एकदा पाहून आठवणीने लिहिणाऱ्याला साधणारे नव्हे.

संग्रहालय निघाले म्हणून सारे सुरक्षित झाले, असेही नाही. २००३ च्या जानेवारीत पुण्यात लागलेल्या आगीत ज्वालाग्राही नायट्रेट फितींचा मोठा साठा जळाला. २०२२ पासून हे संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले आहे. दुसरीकडे, पूर्वी ज्या चित्रपटासाठी पुण्याची वारी करावी लागे, तो आज एखादा विद्यार्थी आपल्या हातातल्या फोनवर पाहून बैठकीला येतो. फडताळ अखेर भरू लागले आहे. आता प्रश्न ते वापरायचे कसे, हा आहे.

वापरण्याच्या दोन चुकीच्या रीती प्रत्येक बैठकीत हजर असतात. एका बाजूला ज्याने जुना चित्रपट तो नवा असताना पाहिला असा ज्येष्ठ रसिक असतो. त्याच्या लेखी नवा चित्रपट हा जुन्याची झीज असतो. दुसऱ्या बाजूला जुन्या नटांच्या उच्चारांना हसणारा तरुण असतो. त्याच्या लेखी जुना चित्रपट ही नव्याची अपुरी तयारी असते. दोघेही एकच चूक करतात, कारण दोघेही गुण देत असतात. दोन चित्रपट शेजारी ठेवायचे ते कोणता वरचढ हे ठरवण्यासाठी, असा समज असेल, तर बैठक न भरवलेलीच बरी. एकाच्या प्रकाशात दुसऱ्यातले जे आजवर दिसले नव्हते ते दिसावे, एवढाच त्या शेजाराचा हेतू असू शकतो.

दामले-फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' (१९३६) आणि चंद्रकांत कुलकर्णी यांचा 'तुकाराम' (२०१२) ही जोडी या दृष्टीने उद्बोधक आहे. नव्या चित्रपटाने तुकारामाच्या चरित्रातील दुष्काळाला, सावकारीला आणि घरच्या कर्त्या पुरुषाच्या तगमगीला जागा दिली. संतपदाच्या आधीचा माणूस शोधला. जुन्या चित्रपटात मात्र इंद्रायणी अभंग परत देते, सदेह वैकुंठगमन पडद्यावर घडते. तेव्हा एक चित्रपट ऐतिहासिक, दुसरा भाविक, अशी विभागणी पटकन होते. नवा चित्रपट पाहून पुन्हा जुन्याकडे गेले म्हणजे ही विभागणी टिकत नाही. तुकारामाच्या संसाराचा इतिहास १९३६ मध्येही होता. तो गौरीने उभ्या केलेल्या जिजाईच्या ठायी होता. घरात दाणा नसणे, म्हशीवरची माया, आजारी पोरासाठी थेट देवावर पायताण उगारणे, आणि नवरा वैकुंठाला निघाला असता पोरांच्या पोटापाण्याचा विचार करून मागे राहणे, ही सगळी इतिहासाचीच भाषा आहे. विष्णुपंत पागनिसांच्या भावमग्न चेहऱ्याकडे पाहताना ती ऐकू येत नव्हती. नव्या चित्रपटाने दुष्काळ पुढे आणला म्हणून जुन्यातली चूल दिसली. आणि जुना चित्रपट नव्याला उलट एक प्रश्न विचारतो: चमत्कार आणि चूल एकाच साधेपणाने दाखवण्याचे जे धैर्य त्याच्यापाशी होते, ते पुढे कोठे गेले?

याच चित्रपटातील एक गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासकांना रंजक वाटेल. त्यातला एक अभंग शांताराम आठवले यांनी रचलेला आहे, आणि तो तुकारामाचाच होय असे समजणारे जाणकारही होऊन गेले. चित्रपटाने परंपरेचा अर्थ लावता लावता परंपरेतच एक ओळ घुसवली, ही घटना साऱ्या चर्चेला थोडी मिस्कील पार्श्वभूमी पुरवते.

जोड्या एकाच कथेच्याच असाव्यात असे नाही. गीता कपूर यांनी 'संत तुकाराम'च्या शेजारी राय यांचा 'देवी' (१९६०) ठेवून श्रद्धा आणि संशय यांचा विचार केला, तो मराठीत अधिक चर्चिला जायला हवा होता. 'कुंकू' (१९३७) आणि 'उंबरठा' (१९८२) ही जोडी 'स्त्रीप्रश्न' या नावाखाली इतक्यांदा लागते की ती गुळगुळीत झाली आहे. तरीही 'कुंकू'ने पार्श्वसंगीत टाळून घरातल्या घड्याळालाच बोलायला लावले, ही गोष्ट 'उंबरठा'तील शांततेच्या सोबतीने ऐकण्यासारखी आहे.

या चर्चा मराठीत व्हायच्या तर पुणे आणि मुंबई येथेच, असा एक अबोल संकेत आहे. त्याची परीक्षा घ्यायची तर भिलाईपर्यंत जावे. १९५५ च्या भारत-सोव्हिएत करारानंतर दुर्ग जिल्ह्याच्या माळावर पोलादाचा कारखाना उभा राहिला. त्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. कारखान्याबरोबर अनेक प्रांतांची माणसे तेथे आली, त्यांत मराठी माणसेही होती. मात्र त्या भागाशी मराठीचा संबंध कारखान्याहून पुष्कळ जुना आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत दुर्गचा कारभार नागपूर राजधानीतून चाले. भिलाईपासून जवळच असलेल्या राजनांदगावच्या महाविद्यालयात १९५८ पासून अखेरपर्यंत अध्यापन करणारे हिंदीतील श्रेष्ठ कवी गजानन माधव मुक्तिबोध यांची मातृभाषा मराठी. त्यांचे बंधू शरच्चंद्र मराठीतील कवी आणि समीक्षक. मुक्तिबोधांच्या लेखनावर मणी कौल यांनी १९८० मध्ये 'सतह से उठता आदमी' हा चित्रपट केला. एक भाऊ मराठी सौंदर्यविचाराच्या ग्रंथांत आणि दुसरा हिंदी चित्रपटाच्या इतिहासात, असे हे घराणे आहे. पण दोन्ही दालनांची किल्ली एकाच अभ्यासकाच्या हाती क्वचितच दिसते.

भिलाईच्या मराठी रसिकांची एखादी बैठक भरली आणि तिने आपल्या भोवतालचेच चित्रपट निवडले, तर काय दिसेल? मनू नायक यांचा 'कहि देबे संदेश' (१९६५) हा छत्तीसगढी भाषेतील पहिला चित्रपट. त्याचा विषय जातीची भिंत ओलांडू पाहणारे प्रेम. दुसरा चित्रपट सत्यजित राय यांचा 'सद्गती' (१९८१). प्रेमचंदांच्या कथेवरून दूरदर्शनसाठी केलेला हा लघुचित्रपट रायपूरच्या परिसरातील खेड्यांत चित्रित झाला. दुखीच्या भूमिकेत ओम पुरी, झुरियाच्या भूमिकेत स्मिता पाटील, ब्राह्मणाच्या भूमिकेत मोहन आगाशे आणि गोंडाच्या भूमिकेत छत्तीसगढच्या लोकमंचावरचे भैयालाल हेडाऊ. मराठी रंगभूमी आणि समांतर चित्रपट यांतून घडलेले नट, बंगाली दिग्दर्शक, हिंदी कथा आणि छत्तीसगढची माती, असा त्याचा मेळ आहे. या दोन जुन्यांच्या शेजारी नवा चित्रपट कोणता ठेवायचा? उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) या दोहोंच्या चौकात उभा आहे. जब्याचे शालूवरचे अबोल प्रेम त्याला पहिल्याशी जोडते; डुक्कर त्याला दुसऱ्याशी जोडते.

हा दुसरा जोड सविस्तर पाहण्यासारखा आहे. 'सद्गती'त मुलीच्या साखरपुड्याचा मुहूर्त विचारायला गेलेला दुखी ब्राह्मणाच्या दारी वेठीला जुंपला जातो, लाकडाचा ओंडका फोडता फोडता मरतो, आणि प्रेताला हात लावायला कोणी तयार होत नाही. मग ब्राह्मण पहाटे एकटाच येतो, काठीने प्रेताचा पाय उचलतो, दोरीचा फास अडकवतो आणि ते ओढत मेल्या गुरांच्या हाडांपर्यंत नेऊन टाकतो. कथेशी तुलना करणारा अभ्यासक येथे प्रेमचंदांचा शेवट आणि राय यांचा शेवट यांतील अंतर मोजेल, आणि ते मोजणे योग्यच. 'फँड्री' पाहून आलेल्याचे लक्ष मात्र त्या काठीवर आणि दोरीवर खिळते. कारण 'फँड्री'त कचरू आणि त्याची माणसे पकडलेले डुक्कर बांबूला बांधून खांद्यावरून वाहून नेतात. मागे शाळेच्या भिंतीवर आंबेडकर, फुले प्रभृतींची चित्रे असतात. एका चित्रपटात माणसाचे कलेवर न शिवता ओढले जाते. दुसऱ्यात जनावराचे धूड खांद्याला लावून वाहावे लागते. अस्पृश्यतेचे हे दोन हात आहेत. एकाने टाळायचे, दुसऱ्याने उचलायचे. प्रत्येक चित्रपटाने त्यांपैकी एकच हात ठळक दाखवला आहे, आणि दोन्ही एकत्र पाहिल्याशिवाय त्यांचे एका शरीराशी असलेले नाते उलगडत नाही. कोणत्याही परीक्षणाला, मग ते कितीही चांगले असो, हे एकट्या चित्रपटातून काढता आले नसते.

येथून पुढे मतभेदाला आरंभ होतो, आणि बैठकीची खरी सार्थकता तेथेच आहे. 'फँड्री'च्या अखेरीस जब्याने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या दिशेने येतो. तो दगड एकदा अंगावर घेतला म्हणजे 'सद्गती'च्या प्रेक्षकाला राय यांनी कोठे बसवले होते, असा प्रश्न पडतो. त्या प्रेक्षकाला करुणा वाटते, संताप येतो. पण तो सुरक्षित असतो. ब्राह्मण हा कोणी दुसराच आहे, असे मानण्याची मुभा त्याला राहते. हा 'सद्गती'वरचा आक्षेप असेल, तर त्याचे उत्तरही त्याच चित्रपटातून देता येते. ओंडक्यावर पडणाऱ्या घावांची ती दीर्घ पुनरावृत्ती पाहणाऱ्याला सुखाने बसू देत नाही. तेथे श्रमाचा काळ प्रेक्षकालाही मोजावा लागतो. उलट 'फँड्री'तील काळ्या चिमणीचा शोध आणि पौगंडावस्थेतील प्रेमाची हळुवार छटा हा त्या दगडाआधी प्रेक्षकाला दिलेला दिलासा आहे काय, असेही विचारता येईल. मंजुळे यांच्याच 'सैराट'ने (२०१६) या शंकेला एक उत्तर दिले: प्रेमकथेचा सारा उल्हास प्रेक्षकाला भोगू देऊन अखेरीस आवाजच काढून घेतला. 'कहि देबे संदेश'च्या शीर्षकात निरोप आहे. समाज ऐकेल, या विश्वासाने दिलेला. एक्कावन्न वर्षांनंतरच्या मराठी चित्रपटाने त्याच विषयाचा शेवट शब्दावाचून केला.

भिलाईच्या प्रेक्षकाला या चर्चेत एक अधिकार आहे, जो पुण्याच्या अभ्यासकाला नाही. 'सद्गती'चा उल्लेख राय यांच्या एकंदर कार्याच्या संदर्भात बहुधा 'हिंदीतील एक छोटी कृती' असा होतो. ज्याच्या घरापासून ते चित्रणस्थळ दूर नाही, ज्याच्या कानावर तेथील बोली रोज पडते, त्याला त्या चित्रपटातला गोंड हा केवळ दुय्यम पात्र वाटणार नाही. दुखी मेल्यावर चांभारवाड्यात जाऊन प्रेताला हात लावू नका, असे सांगणारा तोच. साऱ्या चित्रपटात नकाराचा उच्चार करणारा तो एकटा आहे, आणि ती भूमिका दिग्दर्शकाने त्या भूमीतल्याच नटाकडे सोपवली. राय यांनी हे जाणून केले की निवडीच्या सोयीने, हा प्रश्न समीक्षेने विचारायचा आहे. आणि तो विचारताना हेडाऊ यांचा आवाज, त्यांच्या उभे राहण्याची ढब, लाकडाजवळ दुखीशी बोलतानाची त्यांची चीड ही पुन्हा पडद्यावर पाहावी लागेल.